दोऱ्यानं बांधलेले देठ

भाच्याचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं आणि मामांनी त्याला अजून उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र काही लांबलचक नव्हतं. गारपीट झाली त्याच आठवड्यात लिहिलेलं होतं. "मामा, फोनवर हे बोलवणार नाही म्हणून लिहितो. रोपवाटिकेत काही उरलेलं नाही. सावलीच्या जाळ्यांच्या चिंध्या झाल्या, गुलाबांचे वाफे कुणी तुडवल्यासारखे दिसतात. आई म्हणते, देव सांभाळतो, पुन्हा लावू. मला तिचं ऐकायची भीती वाटते. इथून लांब एका कारखान्यात नोकरी मिळतेय. तुम्ही आमच्यात सगळ्यांत जास्त वाचलेले, म्हणून विचारतो. देव खरंच सांभाळतो का? तुमचा विश्वास आहे का? हो किंवा नाही, एवढं लिहिलंत तरी चालेल."

एवढं लिहिलं तरी चालणार होतं आणि नेमकं तेवढंच मामांना लिहिता येईना.

मामांचं सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून करून स्वतःचं वाक्य लिहायची सवयच मोडली होती. 'हो' असं लिहिलं की त्यांना वाटे, आपण कोण असं छातीठोकपणे सांगणारे? मग 'माझ्या अल्प समजुतीप्रमाणे' असं सुरू करून अर्धं पान भरायचं, ते वाचून स्वतःचीच कीव यायची, की पेन्सिल घेऊन खाडाखोड सुरू. शेवटी कागद असा दिसे, की त्यांच्या हाताखाली आलेलं सगळ्यांत वाईट मुद्रितही त्यापुढे स्वच्छ वाटावं.

असं नव्हतं की ते देवाला मानत नव्हते. रोज सकाळी प्रार्थना करत होते. पण ती कशी, तर एखाद्यानं दार वाजवावं आणि कुणी उघडायच्या आत जिना उतरून निघून जावं, तशी. उगाच कुणाला त्रास नको.

उत्तराची वाट बघून भाचा नोकरीवर गेला. त्यानंतर अक्काशी, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीशी, फोनवर बोलताना तिनं मुलाचा विषय काढला की मामा घाईघाईनं फोन ठेवायचे.

आणि मग एके दिवशी अक्काच पडली. ओल्या वाफ्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रोपं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं तिला उचलून दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. भाचा धावत आला, पण नवी नोकरी, रजा ती किती मिळणार? तो परत गेला तेव्हा मामा पिशवी घेऊन अक्काच्या दारात उभे राहिले. पिशवीत दोन सदरे, एक शब्दकोश, आणि शब्दकोशात ते पत्र.

"आलास?" अक्का पलंगावरून म्हणाली. "बरं झालं. चाकू धरता येतो का?"

"चाकू? कशाला?"

"भाजी चिरायला नव्हे. गुलाबाचे डोळे भरायला, कलमासाठी."

अक्काच्या खोलीच्या खिडकीतून रोपवाटिका दिसे. एके काळी तिथं नजर जाईल तिकडे गुलाब असायचे. आता एका कडेला जंगली गुलाबाचे खुंट रांगेनं लावलेले होते, अक्कानं पडायच्या आधी लावलेले, आणि कुंपणापाशी एकच म्हातारं झाड. ते झाड भावोजींचं, अक्काच्या नवऱ्याचं. त्यांनी दोन जातींचा संकर करून वाढवलेला गुलाब. पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा, आणि वास असा की माणसानं बोलता बोलता थांबावं. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण गिऱ्हाइकं अजून 'मालकांचा गुलाब' म्हणूनच मागत. रोपवाटिकेचं नाव त्या एका गुलाबावर होतं. गारपिटीत त्याची सगळी कलमं गेली. मूळ झाड तेवढं वाचलं, तेही बुंध्याची साल उभी फाटून.

"ते फार दिवस काढत नाही आता," अक्का म्हणाली. "त्याच्या अंगात रस आहे तोवर त्याचे डोळे काढून या खुंटांवर भरायला हवेत. आत्ता. पुढच्या हंगामापर्यंत ते राहणार नाही. ते गेलं की तो गुलाब जगातून गेला, आणि मग ही रोपवाटिका म्हणजे नुसतं मोकळं रान."

"तुझा तो कलमवाला माणूस?"

"त्यालाही पोट आहे. गारपिटीनंतर कुठं तरी कायमच्या कामाला लागला. मी इथं लाकडासारखी पडलेली. राहिलास तू."

"अक्का, मी आयुष्यात कुंडीसुद्धा..."

"माहितीये मला. लहानपणी तू पाणी घातलेलं एक झाड जगलं नाही. पण छापलेल्या ओळीतला सुटलेला ठिपका तुला दिसायचा ना? मग डोळाही दिसेल. बस इथं."

शिकवणी पलंगाशेजारी सुरू झाली. मामा जंगली गुलाबाच्या फांद्या कापून आणत आणि खुर्चीवर बसून सराव करत.

"चाकू सैल धर. पेन नाहीये ते."

"पेनानं तरी मी काय दिवे लावले," मामा पुटपुटले.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"दाखव. हा छेद आहे की दाढी करताना कापलंय? खुंटाच्या सालीला आधी एक आडवा छेद, त्याच्या मधोमध खाली उभा. सालीपुरताच. आतल्या लाकडाला लागता कामा नये. परत कर."

मामा परत करत. बोटांना पट्ट्या लागल्या, चष्मा घामानं नाकावर घसरू लागला.

"उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं," ते एकदा वैतागून म्हणाले, "तुझं पलंगावरून चाललंय."

"शेळी जरा हुशार असती तर एवढं ओरडावं लागलं नसतं," अक्का म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन उशीवर टेकली.

पण हात बसला. छेदाच्या दोन्ही बाजूंची साल चाकूच्या बोथट टोकानं अलगद उचलायची. झाडावरून सालीच्या लहानशा तुकड्यासकट डोळा काढायचा, म्हणजे पानाच्या बगलेत बाजरीच्या दाण्याएवढा फुगीर ठिपका असतो तो. पान कापून टाकायचं, देठाचा तुकडा मात्र धरायला मूठ म्हणून ठेवायचा. त्या मुठीला धरून डोळा सालीच्या खिशात सरकवायचा, आणि वरखाली पट्टी गुंडाळायची, फक्त डोळा आणि देठ तेवढे उघडे ठेवून. एकदा जमल्यावर मामांना ते काम चक्क आवडू लागलं. बारीक, एकट्यानं करायचं, आणि त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

भावोजींच्या झाडावर जेवढे चांगले डोळे होते तेवढे सगळे त्यांनी काढले आणि भरले. शेवटची पट्टी बांधून आत आले तेव्हा अक्कानं विचारलं, "झालं?"

"झालं. आता?"

"आता काही नाही. पाणी, सावली आणि गप्प बसणं. पट्टी सोडून आत डोकवायचं नाही, काय व्हायचं ते आत होतं. पंधरवड्यानं देठाला बोट लावून बघ आणि मला सांग."

"बोट लावून काय बघू?"

पण तेवढ्यात व्यायामाच्या बाई आल्या. अक्काचा पाय हलवायला त्या रोज यायच्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. त्या आल्या की घरातलं बाकीचं बोलणं संपायचं. "आजी, आज जीभ कमी आणि पाय जास्त!" त्यांनी दारातूनच हुकूम सोडला. मामा बाजूला सरकले. प्रश्न तिथंच राहिला, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा म्हणजे आपण किती अडाणी आहोत हे पुन्हा दाखवायचं, म्हणून नंतरही राहूनच गेला.

भावोजींचं झाड काही दिवसांतच वाळलं. एका सकाळी मामांनी पाहिलं तर फांद्या काडीसारख्या मोडत होत्या. आत येऊन त्यांनी भीत भीत सांगितलं. अक्कानं खिडकीबाहेर पाहिलं.

"त्याचं काम झालं," ती म्हणाली. "देवा, तू आहेस ना, मग बास." आणि डोळे पुसून म्हणाली, "चहा टाक."

एवढीच तिची प्रार्थना असे. मामांना तिचा हेवा वाटायचा. तिला शब्द शोधावे लागत नसत.

आता सगळं काही त्या रांगेवर होतं. मामा तिला तळहाताच्या फोडासारखं जपू लागले. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी, फाटक्या जाळीला ठिगळं, ऊन सरकेल तशी जाळी सरकवायची. पंधरवडा झाला तसे ते पहिल्या रोपापाशी उकिडवे बसले. देठ पिवळा पडला होता. अक्कानं सांगितल्याप्रमाणे त्यांनी त्याला बोट लावलं.

देठ गळून त्यांच्या तळहातावर पडला.

बोट जोरात लागलं असेल, असं म्हणून दुसऱ्या देठाला त्यांनी नुसता स्पर्श केला, फुलपाखरू बसावं तसा. तोही पडला. तिसऱ्याच्या वेळी बोट लागलं की नाही याचीच शंका, आणि तो खाली! मामांची पाचावर धारण बसली. डोळे अजून हिरवे दिसत होते, पण तोडलेली भाजीसुद्धा दोन दिवस हिरवी दिसतेच की. रांगेच्या शेवटी जाईपर्यंत त्यांच्या मुठीत देठांचा ढीग जमला होता. टोकाच्या काही रोपांचे देठ तेवढे घट्ट होते. काळे पडले होते, सुरकुतले होते, पण धरून होते. मामांना त्या रोपांच्या पाया पडावंसं वाटलं.

लहानपणी आपण पाणी घातलेलं एक झाड जगलं नाही, हे त्यांना आठवलं. चार-दोन रोपं सोडली तर भावोजींचा गुलाब आपल्या हातानं जगातून गेला.

आणि मग घाबरलेला, वाचन भरपूर असलेला माणूस जे करतो ते मामांनी केलं. अक्का खिडकीतून लांबचा चष्मा लावून रांगेकडे बघत असते. देठ नाहीत हे तिला दिसलं तर? अक्काच्या शिवणाच्या डब्यातून त्यांनी हिरवा दोरा आणला आणि प्रत्येक गळलेला देठ जागेवर ठेवून बांधून टाकला. बारीक, नेटकी गाठ मारून. या कामात सगळी दुपार गेली. मोडलेल्या पायांना पट्ट्या बांधलेल्या रुग्णांची रांग असावी तशी ती रांग दिसू लागली.

"देठ बघितलेस का रे?" जेवताना अक्कानं विचारलं.

"बघतोय. भात आणखी वाढू?"

"नको. कसे आहेत?"

"आहेत," मामा म्हणाले. खोटं तर नव्हतं. होते, दोऱ्यानं का होईना.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. अक्का मोठ्या कौतुकानं सांगत होती, "अरे, मामानं काय हात चालवलाय म्हणून सांगू! तुझ्या बाबांची आठवण झाली. थांब, त्यालाच देते." मामांनी झारी उचलली आणि बाहेर धूम ठोकली. झारी रिकामी होती.

तो दिवस त्यांना फार जड गेला. पण खरी गंमत तर पुढेच आहे. त्या रात्री मामांना गाढ झोप लागली. एरवी एखाद्या चुकीच्या शब्दासाठी कुशी बदलणारे ते, सगळं हातचं गेल्यावर लहान मुलासारखे झोपले. सकाळी उठल्यावर त्यांना त्या झोपेचीच लाज वाटली. असं कसं झोपवलं आपल्याला?

ते बाहेर गेले, नळाखाली झारी धरली, रांगेला पाणी घालू लागले. अर्ध्या रांगेत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ही रोपं मेलेली आहेत अशी आपली खात्री आहे आणि तरी आपण पाणी घालतो आहोत. तेही मन लावून. हात आपणहून झारी भरत होते, पाय आपणहून पुढच्या रोपाकडे जात होते. रडावंसं वाटत नव्हतं. पळून जावंसंही वाटत नव्हतं. कुणीतरी पाठीवर हात ठेवून उभं असावं, तसं काही तरी होतं.

मामांनी झारी खाली ठेवली. "देवा," ते हळूच म्हणाले, "ही रोपं तुझी. मीही तुझाच. अक्काला खरं सांगायला मला जरा बळ दे." आणि या वेळी ते लगेच निघून गेले नाहीत. तिथंच उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. पण दार आधीपासूनच उघडं होतं आणि आपण इतकी वर्षं ते वाजवून पळत होतो, असं त्यांना वाटलं.

अक्काला सांगायचंच, असं ठरवून ते वळले, तर समोरून अक्काच येत होती. चाकांच्या खुर्चीत बसून, मांडीवर शाल घेऊन, आणि मागून ढकलत व्यायामाच्या बाई.

"सरप्राइज!" बाई ओरडल्या. "आजींना म्हटलं, आज व्यायाम बाहेर. बघा कशा राणीसारख्या आल्यात."

"राणी कसली, पोतं आणल्यासारखं आणलंय," अक्का म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला होता. तिनं खोल श्वास घेतला. खुर्ची रांगेपाशी आली आणि अक्का वाकली.

"हे काय रे?"

मामांची नजर झारीकडे गेली. पण बळ मागितलं होतं ते थोडं तरी मिळालं असावं.

"अक्का, मी तुला फसवलं. देठ गळून पडले. बोट लावलं आणि पडले. जवळजवळ सगळी मेली गं. तुला खिडकीतून दिसू नये म्हणून मी ते... बांधले."

"बांधले?"

"दोऱ्यानं. तुझ्या डब्यातल्या."

अक्कानं एक देठ चिमटीत धरला, गाठ निरखली, मग पुढच्या रोपाची गाठ निरखली, मग सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. तिचे खांदे हलू लागले. ती रडते आहे असं वाटून मामा पुढे झाले. ती हसत होती. आवाज न करता, मग आवाज करून, मग खुब्याला हात लावून "आई गं, आई गं" करत.

"आजी, खुबा!" बाई ओरडल्या.

"जाऊ दे खुबा! बाई, याच्याकडे बघा. याला देव अक्कल वाटत होता तेव्हा हा पुस्तक वाचत बसला होता. अरे पुस्तकराव, देठ गळला म्हणजे डोळा जगला!"

"म्हणजे?"

"डोळा खुंटाला चिकटला, त्याला नवीन घर मिळालं, की तो जुन्या पानाचा देठ आपणहून सोडून देतो. नको असतो त्याला. म्हणून तर बोट लावून बघ म्हटलं. पडला तर आनंद!"

"हे तू सांगितलं नाहीस."

"हे काय सांगायचं असतं? श्वास नाकानं घे हे पण सांगू का?" आणि मग तिचा आवाज जरा खाली आला. "नाही सांगितलं खरं. चुकलंच माझं. इतकी वर्षं हेच करते ना, जगाला माहीत असेल असंच वाटतं."

मामांचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना रांगेचं टोक आठवलं. "मग ती शेवटची? त्यांचे देठ घट्ट आहेत. मी तर त्यांच्याकडेच जास्त..."

खुर्ची टोकाला गेली. अक्कानं एका काळ्या देठाला बोट लावलं, मग दुसऱ्याला. देठ हलले नाहीत. तिनं मान हलवली. "हे गेले. डोळा मेला की देठ तसाच वाळून चिकटून राहतो." तिनं पट्टी सोडली. आतला डोळा कोळशासारखा होता.

ज्यांना पुरून टाकल्यासारखं मानलं होतं ती जगली होती, आणि ज्यांच्यावर आशा ठेवली ती कधीच गेलेली. हे त्यांना इतकं थेट, इतकं बोटाला लागेल असं कुठल्या पानावर भेटलं नव्हतं.

बाई दोऱ्याच्या गाठी सोडायला बसल्या. "गाठी मात्र सुंदर मारता हो काका," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ड्रेसिंगला या."

मामा अक्काच्या खुर्चीशेजारी उलट्या टोपलीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अक्का, खरंच सगळी मेली असती तर?"

"तर मेली असती."

"मग तू काय म्हणाली असतीस? देव सांभाळतो म्हणतेस ना?"

"मला सांभाळतो म्हणते. रोपांची काळजी मी घेते, ती माझ्याकडे दिलीत." अक्कानं शाल सारखी केली. "गेल्या वर्षी गेलीच की सगळी. त्या सकाळी मी इथंच बसले होते, अशीच टोपलीवर. उठताच येईना. देवाला एक शब्द बोलले नाही, राग आला होता मला. आणि मग काय झालं माहितीये? भूक लागली. एवढं सगळं गेलं आणि मला कडकडून भूक लागली! मला माझीच लाज वाटली. पण जेवता जेवता वाटलं, ही भूक मी नाही आणली. मला तर जेवायचं नव्हतं. माझ्यापेक्षा त्याला माझी जास्त पडलेली दिसते. उठले, खुंट आणायला गेले."

"मला झोप लागली," मामा म्हणाले.

"काय?"

"काल रात्री. सगळं मेलं असं समजून झोपलो. गाढ. मलाही लाज वाटली होती."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी ती हसली नाही. "हं," ती म्हणाली. "मग तुला कशाला सांगतेय मी?" आणि पुढे म्हणाली, "पाय मोडून पडले तेव्हा म्हटलं, देवा, आता पाठव कुणाला तरी. त्यानं तुला पाठवलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं का, हे मी त्याला भेटल्यावर विचारणार आहे."

मामांना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी विचारून टाकलं, "तुझ्या पोरानं मला एक पत्र लिहिलं होतं, तुला..."

"माहितीये. जाताना सांगून गेला. 'मामांना विचारलंय, बघू काय म्हणतात.'"

"मी उत्तरच दिलं नाही. म्हणून तो गेला."

"तुझ्या उत्तरावर जग चालतं का रे? तो नोकरीसाठी गेला. एवढा मोठा नाहीस तू." अक्कानं त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "पण विचारलं आहे त्यानं. अजून विचारतोय. दर वेळी फोनवर 'मामा काय करतात' म्हणून विचारतो, तेव्हा झारीची चौकशी करत नसतो तो."

बाईंनी शेवटची गाठ सोडली आणि हिरव्या दोऱ्याचा गुंता मामांच्या हातात दिला. "आता आत. आजी, बाहेर हसलात तो व्यायाम धरणार नाही मी."

दुपारी अक्काचा डोळा लागला तसे मामा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. सगळं मार्गी लागलं होतं असं अजिबात नाही. अक्काला चालायला अजून कित्येक महिने जाणार होते. नव्या जाळ्या हव्या होत्या. जगलेल्या डोळ्यांना फुटवे यायचे होते, आणि त्यातले किती पुढच्या ऊनपावसात टिकतील हे अक्कालाही सांगता आलं नसतं. भाचा परत येईल की नाही, ते तर त्याचं त्यालाच माहीत. आणि तरी मामांचं पेन अडलं नाही. त्यांनी लिहिलं:

"तू हो किंवा नाही विचारलं होतंस. हो.

हे मी सगळं ठीक झालं म्हणून लिहीत नाही. तुझ्या बाबांचं झाड गेलं. मी भरलेले काही डोळेही गेले. बाकीचे जगलेत, पण ते जगलेत हे मला कळायच्या आधीच माझं उत्तर हो झालं होतं. मेलेल्या रोपांना पाणी घालतोय अशी माझी खात्री होती आणि तेव्हा मी एकटा नव्हतो. याहून चांगलं मला सांगता येत नाही. तू कारखान्यात राहिलास तरी उत्तर हेच आहे आणि परत आलास तरी हेच. तुझ्या आईला फोनवर दोऱ्याची हकिकत विचार, ती सांगायला टपलेलीच आहे. पुढच्या फोनला मी पळणार नाही. तुझा मामा."

पेन्सिल कानावरच होती. सवयीनं हात तिकडे गेला, पण त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट चिकटवून टाकलं.

पोस्टाची पेटी रस्त्याच्या वळणावर, न्हाव्याच्या दुकानाशेजारी होती. न्हावी दारात उभा राहून कात्री पुसत होता. "काय काका, आज इकडे कुठं?" त्यानं विचारलं.

"पत्र टाकायला."

"आजकाल कोण पत्र टाकतं हो?"

"उशीर झालेले," मामा म्हणाले.

पेटीच्या फटीत पाकीट घातल्यावर क्षणभर त्यांची बोटं ते सोडेनात. 'माझी खात्री होती' पुरे होतं का, 'मला वाटत होतं' जास्त बरोबर ठरलं असतं का? न्हावी बघत होता. मामांनी चष्मा वर सरकवला, स्वतःशीच हसले आणि बोटं सोडली. पाकीट आत पडलं.